गाडीची तहान

चाकणच्या वेशीबाहेर, तळेगावच्या रस्त्याला लागताना डाव्या हाताला एक जुना लिंब होता आणि त्या लिंबाखाली ज्योतीराम मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार मेढींवर टाकलेले पत्रे, हत्यारांची एक लाकडी पेटी आणि ऑइल सांडून सांडून काळी पडलेली जमीन. पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. कांदा-बटाटा घेऊन मुंबईला जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला दोन गोष्टींसाठी ओळखायचा. एक म्हणजे याच्या हाताखालून गेलेली गाडी सहसा वाटेत उभी राहत नाही, आणि दुसरी म्हणजे हा माणूस कमालीचा भित्रा आहे.

भित्रा म्हणजे साप-विंचवाला भिणारा नव्हे. साप त्याने पान्याने मारलेले होते. त्याची भीती वेगळ्याच जातीची होती. चाकाचे नट आवळून गाडी सोडली की ती दिसेनाशी होईपर्यंत तो लिंबाखाली उभा राहून बघायचा, आणि मग एकाएकी सायकलवर टांग टाकून तिच्या मागे सुटायचा. खराबवाडीच्या पुढच्या चढाला भरलेली गाडी मंदावते, तिथे तिला गाठायचा आणि हात करून थांबवायचा. "जरा पाना लावून बघतो, मन खायलंय," म्हणायचा. नट आवळलेलेच असायचे. ड्रायव्हर हसायचे, क्वचित एखादा शिवी हासडायचा, पण मिस्त्रीचं मन एकदा खाऊन थांबलं की मगच तो माघारी फिरायचा.

मूळचा तो परांड्याकडचा. दुष्काळात गाव सोडलं, लढाईच्या वर्षांत फौजेच्या वर्कशॉपात लागला आणि पार आसामच्या डोंगरात जाऊन आला. तिथे गाड्या तपासून त्यांच्यावर खडूने खूण करायचं काम त्याच्याकडे होतं. खूण झाली की गाडी निघायची. त्याने खूण केलेली एक गाडी पहिल्याच वळणावर दरीत गेली. ब्रेक गेले, ड्रायव्हर झोपला की रस्ताच खचला, कुणाला कळलं नाही, कारण सांगायला कुणी वर आलंच नाही. साहेबांनी ज्योतीरामला एका शब्दाने विचारलं नाही. कुणी विचारलं असतं, शिक्षा केली असती, तर बरं झालं असतं असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. त्या दिवसापासून बोटांना लागलेला तो खडू काही निघाला नाही.

लढाई संपल्यावर देहूरोडच्या डेपोत काही काळ काढून तो चाकणला आला. बायको आधीच वारलेली होती. एकच लेक, ठकू. तिचं लग्न त्याने जवळच्याच खराबवाडीत करून दिलं. जावई धर्माजी शेतकऱ्याच्या घरातला पण जमिनीत मन नसलेला, उंचापुरा, हसरा आणि कशालाच न भिणारा. ड्रायव्हिंग शिकला आणि चाकणच्या उद्धवरावांच्या नव्या डिझेल ट्रकवर लागला. डिझेलच्या गाड्या तेव्हा आपल्याकडे नुकत्याच दिसू लागल्या होत्या. पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा या दांडग्या, आवाजाला मोठ्या, आणि थंडीत सकाळी सुरू व्हायला महा खट्याळ. धर्माजी संध्याकाळी चाकणात माल भरायचा, गाडी घरापुढे आणून लावायचा आणि पहाटेला क्लीनर सोनबाला घेऊन तळेगावमार्गे मुंबईला निघायचा. म्हणजे आठवड्यातून दोनदा-तीनदा बोरघाट उतरणं आलं. जावई घाटात असला की ज्योतीरामचं दुकानात लक्ष नसायचं.

पौषातली गोष्ट. थंडी अशी पडली होती की सकाळी पान्याला हात लावला तर झिणझिण्या याव्यात. एके सकाळी धर्माजी मुंबईला निघण्याऐवजी गाडी उलटी फिरवून लिंबाखाली घेऊन आला.

"मामा, धूर बघा कसा टाकतीया. पांढराधोट. घरामागची कोंबडी दिसंना म्हणून आई वरडतीया."

ज्योतीराम गाडीमागे गेला. धूर खरोखरच पांढरा होता आणि जड. रस्त्यावर लोळत पलीकडच्या शेतात शिरत होता. काळा धूर आला तर पोटात डिझेल जास्त जातंय, निळा आला तर ऑइल जळतंय, एवढं कुठलाही मिस्त्री सांगतो. पांढरा धूर मात्र फसवा. थंड इंजिनात डिझेल नीट पेटलं नाही तरी पांढरा धूर येतो, आणि इंजिनाच्या आत कुठे चीर पडून पाणी झिरपत असलं तरी पांढराच येतो. पहिला प्रकार डिझेल फवारणारे नोझल साफ करून बरा होतो, ऊन चढलं की आपोआपही जातो. दुसरा प्रकार इंजिन मारतो, आणि इंजिन घाटात मेलं तर माणसंही.

त्याने तळहात सायलेन्सरच्या तोंडापुढे धरला, मग नाकाशी नेला. डिझेलचा उग्र वास आला, डोळे चुरचुरले. बोटं एकमेकांवर चोळली, तर तेलकट लागली. त्याला बरं वाटलं. त्याने नोझल काढून साफ केले, बसवले, आणि दोन-तीन सकाळी धूर कमी झाला. मग पुन्हा वाढला.

धर्माजीने पुन्हा गाडी आणली, तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच ड्रायव्हर शेकोटीला बसले होते. ज्योतीरामने पुन्हा हात धरला. या वेळी डिझेलचा वास थोडका होता आणि तळहात नुसता ओला झाला होता. तेलकट नव्हे, ओला.

"जावईबापू, पाणी कमी होतंय का?"

"न्हाई."

"रोज बघता का?"

"मामा, हे बघा की." धर्माजीने रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं. पाणी काठोकाठ होतं. एक थेंब टाकायला जागा नव्हती. "घरनं निघालो तवा असंच, आता बी असंच. पाणी गळत असतं तर ही भरलेली ऱ्हायली असती का?"

पाणी आत झिरपत असेल तर ते कुठून तरी कमी झालंच पाहिजे, हा साधा हिशेब. कमी होत नाही, म्हणजे झिरपत नाही. थंडीच्या सकाळी चांगल्या इंजिनाच्या सायलेन्सरमधूनही थोडं दंव गळतं, हेही ज्योतीरामला माहीत होतं. तरी तो झाकणाशी घुटमळत राहिला.

"इंजिनाचं हेड उघडून चीर बघू का? दोन दिवस गाडी ऱ्हाऊ द्या."

"धूर थंडीचा हाय, मामा," धर्माजी मोठ्याने म्हणाला, टपरीवर ऐकू जाईल असा. "तुमी आन् मी बोलतोय तरी तोंडातनं वाफ निघतीया. आपलं बी हेड उघडायचं का?"

शेकोटीभोवती सगळे हसले. कुणी तरी म्हणालं, "मिस्त्रींचं मन खातंय, त्याला कायतरी खायला घाला." ज्योतीरामही ओशाळून हसला. सारा जन्म लोकांच्या गाड्या थांबवून त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली होती. जावई तर घरचा, त्याच्यापुढे किती वेळा हसं करून घ्यायचं? त्याने झाकण बसवलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "थंडीचाच असंल."

गाडी गेली. तो सायकलकडे बघत राहिला, पण त्या दिवशी निघाला नाही.

त्यानंतर गाडी मुंबईच्या खेपा करत राहिली आणि ज्योतीराम झुरत राहिला. जेवायला बसला की घास हातात राहायचा. तळहात ओला होता, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. धर्माजी खेप करून आला की लिंबाखाली हॉर्न वाजवून जायचा आणि तेवढ्यापुरता ज्योतीरामचा जीव भांड्यात पडायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

शेवटी त्याने एक निमित्त काढलं. संक्रांत होऊन गेली होती, लेकीला तिळगूळ द्यायचा राहिला होता. भल्या सकाळी खराबवाडीला जावं, तिळगूळ द्यावा आणि गार इंजिन सुरू होताना आपल्या कानांनी ऐकावं, म्हणजे कुणी हसणार नाही. तिळगुळाची पुडी धोतराच्या कनवटीला लावून तो सायकलवर निघाला. दिवस नुकता उजाडत होता.

त्याला उशीर झाला. तो पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती, पण अंगणात धूर अजून होता. गोठ्याच्या पत्र्याखाली, तुळशीभोवती, कण्हेरीच्या झुडपात पांढरा धूर अडकून राहिला होता. ज्योतीराम त्यात उभा राहिला आणि त्याने श्वास घेतला. डिझेलचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. चुलीवरच्या पाण्याची वाफ असावी तसा तो धूर.

ठकू कमरेवर रिकामी कळशी घेऊन विहिरीकडे निघाली होती. बापाला बघून तिचं तोंड फुललं.

"आबा, इतक्या लवकर? थांबा, पाणी आणते आन् च्या टाकते. समदं पाणी गाडीनंच पिऊन टाकलं."

"कुणी?"

"गाडीनं." ती हसली. "आज सारी कळशी प्यायली बघा."

धर्माजीच्या घरची एक जुनी रीत होती. बैलगाडी जुंपून माणूस परगावी निघाला की घरच्या सुनेने आधी बैलांना पोटभर पाणी पाजायचं आणि उरलेलं त्यांच्या खुरांवर ओतायचं. पाणी पिऊन गेलेलं जनावर घरी परत येतं, असं ठकूची सासू गोजाबाई सांगायची. पुढे बैलगाडी मागे पडली आणि दारात ट्रक आला. म्हणून रीत मोडायची कशी? गोजाबाईने धर्माजीकडून रेडिएटरचं तोंड कुठे ते विचारून घेतलं आणि सुनेला दाखवलं. तेव्हापासून गाडी निघायच्या आधी, धर्माजी चूळ भरत असताना, ठकू बंपरवर चढून गाडीला काठोकाठ पाणी पाजायची आणि उरलेलं पुढच्या चाकांवर ओतायची. धर्माजीला वाटायचं, बायको चाकांवर पाणी घालते. झाकण उघडून बघायची त्याला गरजच पडत नव्हती, कारण जेव्हा बघावं तेव्हा भरलेलं, आणि वाटेत सगळ्याच गाड्यांना लागतं तेवढं पाणी सोनबा घालायचा.

ज्योतीरामने सायकल सोडून दिली. ती अंगणात पडली.

"माय, ती रोज पिते?"

"व्हय की. पयल्यांदी तांब्याभर प्यायची. मग अर्धी कळशी. आता सारी. आत्याबाई म्हणत्यात, पाणी पिणारं जनावर तब्बेतीनं चांगलं." ती कौतुकाने सांगत होती, आणि बोलता बोलता बापाच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "आबा, काय झालं?"

"आज सुरू होताना आवाज कसा आला? नीट आठवून सांग."

"आज आधी उठंचना. ठक्क करून अडली. सोनबा म्हणला, थंडीनं आखडली. मग त्यांनी दोघांनी मिळून मागं-पुढं हलवली, पुन्ना बटन दाबलं, तवा उठली. आन् मागनं पाणीच उडलं, धुराबरूबर. ही भिंत भिजली न्हवं का." तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर ओले शिंतोडे होते.

ज्योतीरामला सगळं एकदम दिसलं. रात्रभर हेडच्या चिरेतून पाणी झिरपून सिलिंडरमध्ये साचलं होतं. पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटून अडला होता, आणि त्या आपटण्याने त्याचा दांडा वाकला असणार. वाकलेला दांडा सपाटीला चालेल, चढाला चालेल, आणि घाट उतरताना, खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायला लागलं की तुटेल. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारी हवा संपणार. मागे कांद्याची भरलेली गाडी, पुढे वळण, आणि धर्माजीचा पाय दगडासारख्या झालेल्या पेडलवर. आसामातलं ते वळणही त्याला दिसलं. या वेळी गाडीत कोण आहे हे त्याला ठाऊक होतं.

त्याला भीती वाटली. इतकी, की त्याने तुळशीचा कट्टा धरला.

"आबा, माझं काय चुकलं का? मी पाणी घातलं म्हणून..."

"न्हाई, माय. तुझं काही चुकलं न्हाई." तिळगुळाची पुडी त्याने तिच्या हातात कोंबली आणि सायकल उचलली. "तू घरातच ऱ्हा. मी आलोच."

रस्त्याला लागून त्याने मान खाली घालून पाय मारायला सुरुवात केली, पण महाळुंग्यापर्यंतच छाती भरून आली. त्याचं वय आता तसं राहिलं नव्हतं. मागून हॉर्न वाजला. लक्ष्मणराव नावाचा सिन्नरचा ड्रायव्हर, रिकामी पिंपं घेऊन मुंबईला चालला होता. ज्योतीराम रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"मिस्त्री, आज कुणाचे नट ढिले झाले?" लक्ष्मणराव खिडकीतून म्हणाला.

"माझ्या जावयाची गाडी गाठून दे. घाटाच्या आधी." ज्योतीरामने हात जोडले. "तुझ्या पाया पडतो."

लक्ष्मणरावने मग चेष्टा केली नाही. सायकल पिंपांवर टाकली आणि गाडी पळवली. पिंपांचा असा खडखडाट सुरू झाला की बोलणंही अशक्य. ज्योतीराम काचेला नाक लावून बसला होता. इंदुरीचा पूल गेला, नदीवर धुकं होतं आणि प्रत्येक धुक्यात त्याला पांढरा धूर दिसत होता. तळेगावला मोठ्या रस्त्याला लागले. वडगावच्या पुढे चहाच्या एका हॉटेलापाशी त्याने गाडी थांबवायला लावली आणि पायऱ्या न चढताच विचारलं, कांद्याची गाडी, उंच ड्रायव्हर, म्हातारा क्लीनर?

"आत्ताच गेली की," हॉटेलवाला म्हणाला. "क्लीनरनं दोन बादल्या पाणी नेलं. म्हणला, गाडीला आज लई तहान लागलीय."

लक्ष्मणरावने हे ऐकलं आणि पान थुंकून टाकलं. आता त्यालाही कळलं होतं. कामशेत मागे पडलं. चढाला रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा दिसला आणि ज्योतीरामने दार उघडायला हात घातला, पण तो दुसऱ्याच कुणाचा होता. लोणावळ्यात बाजार भरत होता, बैलगाड्या आडव्या, बायका टोपल्या घेऊन आडव्या, आणि लक्ष्मणराव हॉर्नवरचा हात काढत नव्हता. ज्योतीराम कुठल्याच देवाचं नाव घेत नव्हता. नाव घ्यायला तोंड उघडलं तर आपण रडू, असं त्याला वाटत होतं. हसं होईल म्हणून आपण त्या दिवशी गप्प बसलो, एवढं एकच त्याच्या मनात घोळत होतं. जन्मभर उगाच भ्यालो आणि जेव्हा भ्यायचं तेव्हा लाजलो.

खंडाळ्याला, घाट सुरू होण्याआधी, रस्त्याला जरा सपाट पट्टा होता. घाट उतरण्याआधी ड्रायव्हर तिथे घटकाभर थांबायचे, ब्रेक बघायचे, पाणी भरायचे. तिथे पांढरा धूर दिसला. खरा धूर. धर्माजी स्टिअरिंगवर बसला होता, इंजिन चालू होतं, आणि सोनबा गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावलेली दगडाची उटी काढायला वाकला होता.

लक्ष्मणरावने आपली गाडी सरळ त्याच्या तोंडापुढे आडवी घातली. ज्योतीराम उतरला तो पडलाच, हात खरचटले, तसाच उठला.

"मामा?" धर्माजी खाली वाकून बघू लागला. "घरी काय झालं? ठकू बरी हाय न्हवं?"

"ठकू बरी हाय. गाडी बंद कर. घाट उतरायचा न्हाई." जावयाला अहो-जाहो करायचंही त्याला भान राहिलं नव्हतं.

धर्माजीने सुटकेचा श्वास सोडला आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. आसपासच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर जमू लागले होते. "मामा, हितवर आलाव? धुरासाठी? अवो माल नासंल. उद्धवराव मला उभा जाळतील. धूर थंडीचा हाय, कितीदा सांगू?"

ज्योतीरामने वाद घातला नाही. फडकं घेऊन त्याने रेडिएटरचं झाकण जपून सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि उघडलं. आत पाणी नुसतं खदखदत होतं. कढ आल्यासारखं नव्हे, तर खालून कुणी फुंकतंय तसे एकामागून एक बुडबुडे येत होते; सिलिंडरमधली हवा चिरेतून पाण्यात घुसत होती. त्याने धर्माजीला खाली बोलावून दाखवलं. धर्माजी बघत राहिला, पण जमलेल्या लोकांपुढे मान खाली घालायला तो तयार नव्हता.

"उकळलं असंल. चढ चढून आलीया."

"बरं," ज्योतीराम म्हणाला. "माझं एकच ऐका, जावईबापू. पुन्ना कधी कायबी सांगणार न्हाई. तुमच्या गाडीला कधी हात करणार न्हाई. घाट उतरताना इंजिन जेवढं ओरडतं, तेवढं हितंच ओरडू द्या. चाकाला उटी लावून, गिअर न टाकता. काही झालं न्हाई तर मी माझ्या हातानं उटी काढतो."

कुणी हसलं नाही. धर्माजीने सासऱ्याच्या खरचटलेल्या हातांकडे पाहिलं आणि तो वर चढला. सोनबाने उटी पुन्हा घट्ट ठोकली. ज्योतीरामने सगळ्यांना हाताने मागे सारलं.

धर्माजीने पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढत गेला, पांढऱ्या धुराने मागचा रस्ता झाकून टाकला. काहीच झालं नाही. धर्माजीने आणखी दाबलं. आवाज किंचाळण्यावर आला, आणि लक्ष्मणराव ज्योतीरामकडे बघू लागला, की मिस्त्री, पुरे आता. आणि तेवढ्यात इंजिनात कुणी घण घातल्यासारखा दणका झाला. गाडी जागच्या जागी हादरली. बॉनेटखालून लोखंडाचा एक तुकडा निघून रस्त्यावर सणसणत गेला, आणि मागोमाग काळं ऑइल आणि पाणी धो धो सांडलं. मग एकदम सगळं शांत झालं.

धर्माजीचा पाय सवयीने ब्रेकवर गेला असावा. एकदा, दोनदा त्याने जोर लावलेला दिसला. तिसऱ्यांदा पेडल तसूभरही हललं नाही. तो हळूहळू खाली उतरला. इंजिनाच्या कुशीला पडलेल्या भोकाकडे त्याने बघितलं, आणि मग पुढे, जिथे रस्ता कड्याला चिकटून खाली वळत होता तिकडे बघत राहिला. उटीच्याच दगडावर तो बसला.

तो म्हणाला, "मागच्या म्हयन्यात घाट चढताना तापली होती, मामा. घाईत होतो. तसंच तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी वतलं. कडकन आवाज आला होता. तुमाला सांगितलं न्हाई."

"का?"

"तुमी भ्याला असता."

ज्योतीराम त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला. खरचटलेल्या हातांतून रक्त येत होतं ते त्याला आत्ता दिसलं.

"पण तुमाला कळलं कसं?" धर्माजीने विचारलं. "रेडिएटर तर कायम भरलेला."

भरलेला का होता, एवढंच ज्योतीरामने सांगितलं असतं तर ते घरी गेलं असतं, गोजाबाईच्या कानी गेलं असतं, आणि सुनेच्या पाण्याने गाडी फुटली असं गावाने म्हटलं असतं. बायकांच्या कपाळी असल्या गोष्टी चिकटवायला लोकांना वेळ लागत नाही.

"ठकूमुळं कळलं," तो म्हणाला. "गाडी रोज किती पाणी पिती, ते फक्त तिलाच ठाऊक होतं. तिनं सांगितलं म्हणून मी धावलो."

हे खोटं नव्हतं. धर्माजीने मान खाली घातली आणि उपरण्यात तोंड खुपसून तो रडू लागला. सोनबा दुसरीकडे बघत उभा राहिला.

उद्धवरावांनी व्हायची तेवढी आदळआपट केली, पण घाटाकडे बोट दाखवून सोनबाने सगळं सांगितल्यावर तेही गप्प झाले. इंजिन दुसरं बसलं. ते बसवायला ज्योतीरामला इतके दिवस लागले की थंडी सरत आली. ठकूने मात्र गाडीला हात लावायचं सोडलं. कळशी बघितली तरी तिला ते भिंतीवरचे शिंतोडे आठवायचे. गोजाबाई रीत मोडली म्हणून कुरकुरू लागली. तेव्हा ज्योतीराम स्वतः खराबवाडीला गेला, कळशी भरून त्याने लेकीच्या हातात दिली आणि म्हणाला, "पाज. पण आधी झाकण काढून बघ, अन् किती प्यायली ते मला सांग."

पुढच्या कितीतरी हिवाळ्यांत गाडी निघायच्या वेळी खराबवाडीच्या त्या अंगणात हेच चालायचं. ठकू बंपरवर चढून आत डोकवायची. धर्माजी बटणावर अंगठा ठेवून थांबायचा, आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसलेला म्हातारा ज्योतीराम श्वास रोखून लेकीच्या तोंडाकडे बघायचा.

"आज प्यायली न्हाई, आबा," ठकू सांगायची आणि कळशीतलं सगळं पाणी पुढच्या दोन चाकांवर ओतायची.

मग गाडी सुरू व्हायची. थोडा पांढरा धूर यायचा, डिझेलच्या वासाचा, आणि उन्हाची तिरीप आली की विरून जायचा. गाडी रस्त्याला लागली की ज्योतीराम थोडा वेळ कट्ट्यावर बसून राहायचा. त्याचं मन पुन्हा खायला लागायचं. तो उठायचा, सायकल घ्यायचा. खराबवाडीच्या पुढच्या चढाला धर्माजी आताशा आपणहून गाडी कडेला घेऊन थांबायचा आणि आरशात बघत बसायचा, मामांची सायकल दिसेपर्यंत.